वाचकांचे प्रश्न : रुळावरची ड्युटी आणि घरातली माणसं

या वेळी रेल्वेवाल्यांच्या घरांतून बरीच पत्रं आली. पावसाळा लागला की ती वाढतातच. त्यातली चार निवडली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण तसंच पत्र पाचोऱ्याहून आणि दौंडहूनही आलं आहे.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर कसारा-इगतपुरी घाटात पेट्रोलमन आहेत, म्हणजे रूळ तपासत चालायची ड्युटी. पावसाळ्यात रात्रपाळी असते. 2023 च्या फेब्रुवारीत लासलगावजवळ टॉवर वॅगनखाली (विजेच्या तारा दुरुस्त करणाऱ्या गाडीखाली) चार ट्रॅकमन गेले, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ते घराबाहेर पडले की माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. मी रात्री फोन करत राहते. उचलला नाही तर त्यांच्या मुकादमाला करते. त्यावरून घरात भांडणं होतात. परवा ते म्हणाले, "तुझ्या फोनानेच मरेन मी एक दिवस." सासूबाई म्हणतात, आम्ही नाही का दिवस काढले? नोकरी सोडा म्हटलं तर बोलणंच बंद होतं. दोन लहान मुलं आहेत. मी काय करू?
— स., इगतपुरी

उत्तर : स., तुझ्या भीतीला कुणी वेडेपणा म्हणत असेल तर मला ते मान्य नाही. माझे वडील त्याच घाटात कीमन होते, रोज रूळ चालत तपासणारे. मी क्वार्टरमध्ये वाढले, आणि पुढे रेल्वेतच वेल्फेअर इन्स्पेक्टर म्हणून नोकरी केली. ड्युटीवर जीव गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन त्याच्या बायकोकडून कागद भरून घेणं हे माझं काम होतं. त्यामुळे "काही होत नाही गं" असं मी तुला सांगणार नाही. लासलगावला 13 फेब्रुवारी 2023 च्या पहाटे जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पुढे वर्षही झालं नव्हतं, तोच 22 जानेवारी 2024 च्या रात्री वसई रोड आणि नायगावच्या मध्ये सिग्नलच्या कामाला गेलेले तिघे लोकलखाली गेले. त्यांत एक इन्स्पेक्टर होते. अनुभवी माणूससुद्धा सुटत नाही, हे तुला कळतं म्हणूनच तुझी झोप उडाली आहे.

पण फोन मात्र आजपासून बंद कर. मिस्टर रागाने बोलले असतील, तरी बोलले ते खरं आहे.

रुळावरच्या माणसाला कान वाचवतात. तुमच्या घाटात तीन लाईनी आहेत, अप, डाऊन आणि मिडल. 37 फुटांना एक फूट असा चढ. कसाऱ्याहून मालगाडी वर निघते तेव्हा तिला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावलेले असतात, आणि त्यांच्या आवाजाने सगळी दरी भरून जाते. त्यात पाऊस आणि कड्यावरून कोसळणारं पाणी. अशा वेळी शेजारच्या लाईनीवरून उतरत येणारी गाडी ऐकूच येत नाही. पूर्वी रुळांचे सांधे खडखडायचे, त्यावरून लांबूनच अंदाज यायचा. आता रूळ वेल्डिंग केलेले, इंजिन विजेचं. सपाटीवर ताशी 110 किलोमीटरने येणारी गाडी 600 मीटरचं अंतर वीस सेकंदांत कापते. घाटात वेग कमी असतो, पण वळणं आणि बोगद्यांमुळे गाडी नजरेलाच उशिरा पडते. त्या वीस-पंचवीस सेकंदांत माणसाच्या खिशात फोन वाजला, त्याने ओला हात पुसून तो बाहेर काढला, पडद्यावर तुझं नाव पाहिलं, काय झालं असेल म्हणून मन घराकडे गेलं, की झालं. आणि एका गाडीला वाट द्यायला माणूस बाजूच्या लाईनीत जाऊन उभा राहतो, तिथे दुसरी गाडी येते. रुळावर घात होतो तो बहुतेक असा. पूर्ण बाहेर, सेसवर, म्हणजे खडीच्या कडेच्या मोकळ्या पट्टीवर जाऊन उभं राहायचं, हे प्रत्येकाला शिकवलेलं असतं. लक्ष दुसरीकडे असलं की पाय जवळची जागा शोधतो.

तू रात्री जागी असतेस तेव्हा तिकडे काय चाललेलं असतं हेही नीट समजून घे. माहीत नसलेल्या गोष्टीची भीती जास्त वाटते. पेट्रोलमन मनाला येईल तसा फिरत नाही. त्याचा तक्ता ठरलेला असतो, कुठून किती वाजता निघायचं आणि कुठे किती वाजता पोचायचं. बीटच्या, म्हणजे नेमून दिलेल्या पट्ट्याच्या, टोकाला पलीकडचा पेट्रोलमन भेटतो, दोघे पुस्तकांची अदलाबदल करतात. स्टेशनला पोचल्यावर पुस्तकावर मास्तरची सही होते. ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांनंतरही माणूस आला नाही, तर मास्तर त्या सेक्शनमधल्या गाड्यांना सावकाश जायचा हुकूम देतो आणि शोध सुरू होतो. म्हणजे तुझ्या मिस्टरांना उशीर झाला तर ते तुझ्या फोनाआधी तिथल्या माणसांना कळलेलं असतं. तू मुकादमाला उठवून त्यात काही भर पडत नाही.

तर मिस्टरांकडून तो तक्ता एका कागदावर लिहून घे आणि भिंतीला लाव. त्यांच्याशी एवढंच ठरव, की स्टेशनला पुस्तक देऊन बाकावर बसले, चहा हातात आला, की त्यांनी तुला एक मेसेज टाकायचा. चालताना फोन बंद किंवा मुका. मधल्या वेळात तुझ्याकडून काहीही जाणार नाही. घरी खरंच कुणी आजारी पडलं तर कुणाला कळवायचं, ते एक नाव आणि नंबर आधीच ठरवून ठेवा. पहिले काही दिवस तुला फार जड जातील. मुलांना कुशीत घेऊन पडून राहा, पण फोनला हात लावू नकोस.

आता तुझ्या हातातलं खरं काम सांगते. ते दिवसा आहे, रात्री नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सलग झोप मिळाली पाहिजे. आमची आई वडील झोपले की कुकर लावत नसे, शिट्टीने जाग येते म्हणून. आम्हा भावंडांना दुपारी शेजारच्या क्वार्टरच्या ओट्यावर हाकलायची. पाहुणे आले तर त्यांनाही "ते झोपलेत" म्हणून दारातूनच सांगायची, नातेवाईक रुसले तर रुसले. तू पहाटेपर्यंत जागतेस, ते आल्यावर तुमचं भांडण होतं, मग ते चार तासही धड झोपत नाहीत आणि संध्याकाळी तसेच बीटवर जातात. यातला धोका तुझ्या लक्षात येतोय ना? सासूबाईंना यात सामील करून घे. त्यांनी दिवस काढले म्हणतात, तर दुपारी मुलं त्यांनी सांभाळावीत. बघ, आनंदाने करतील.

दुसरं त्यांच्या पिशवीचं. पेट्रोलमनच्या सामानात तिरंगी बत्ती, शिट्टी, झेंडे आणि फटाक्यांचा डबा असतो. हे फटाके म्हणजे रुळावर बांधायचे डिटोनेटर, चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर गाडी थांबवतो. दरड दिसली की माणसाने दरडीपाशी थांबायचं नसतं. गाडी येण्याच्या दिशेला धावत जाऊन 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके लावायचे असतात. अंधारात, पावसात, खडीवरून. बत्तीचं चार्जिंग संपलेलं असेल तर हे कसं करायचं? आमच्याकडे झेंडे पावसाने ओले झाले की आई ते चुलीवरच्या दोरीवर वाळत घालायची. तू बत्ती चार्जिंगला लाव, जाकिटाची चमकती पट्टी धुऊन स्वच्छ ठेव. आणि रेनकोटच्या टोपीकडे बघ. ती कानांवर घट्ट बसत असेल तर गाडीचा आवाज आत येत नाही. वडील कायम टोपी कानांच्या मागे सारून वर फडकं बांधायचे, डोकं भिजलं तरी चालेल म्हणायचे.

आणखी एक विचार त्यांना. गाडी जवळ येताच इशारा देणारं "रक्षक" नावाचं वायरलेस यंत्र बऱ्याच ठिकाणी कीमन आणि पेट्रोलमनना दिलं जातं. त्यांना मिळालंय का? मिळालं असेल तर चालतं का? नसेल तर युनियनच्या माणसाकडे तू स्वतः जाऊन बोल. घाटातल्या आणि जंगलातल्या बीटवर रात्री एकट्याऐवजी दोघांना पाठवावं ही मागणी जुनी आहे आणि माझ्या मते अगदी रास्त आहे. अनिल काकोडकरांच्या समितीने 2012 मध्ये रेल्वेच्या सुरक्षेचा अहवाल दिला, त्यात प्रवाशांइतकाच रुळावर काम करणाऱ्यांच्या जिवाचा विचार होता. आता सगळीकडे "कवच"चं नाव ऐकू येतं. ते गाड्यांची टक्कर टाळण्यासाठी फार मोलाचं आहे. पण खडीवर पाना घेऊन वाकलेल्या माणसाला ते वाचवेल असं समजू नका. त्याच्यासाठी वेगळी सोय लागते आणि ती मागावी लागते. बायका बोलल्या की साहेब लोक ऐकतात, हे मी नोकरीत पाहिलं आहे.

नोकरी सोडा असं मात्र रोज म्हणू नकोस. 22 जून 2003 च्या रात्री कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. तसं पुन्हा होऊ नये म्हणून तुझा नवरा रात्री चालतो. त्याला हे माहीत आहे, त्याचा त्याला अभिमान असणार. तुझ्या तोंडून तो कधी ऐकू दे त्याला. डिपार्टमेंटच्या परीक्षा देऊन दुसऱ्या कामावर जाता येतं, त्याबद्दल पावसाळा संपल्यावर, त्यांची झोप झालेली असताना शांतपणे बोल. आणि फोन बंद करूनही तुझी छाती धडधडत असेल, जेवण जात नसेल, तर रेल्वेच्या दवाखान्यात तुझं कार्ड घेऊन जा आणि डॉक्टरांना सगळं सांग. त्यात लाजायचं काही नाही.

प्रश्न : माझे बाबा मालगाडीवर लोको पायलट आहेत. दोन महिन्यांपूर्वी एक तरुण मुलगा त्यांच्या इंजिनासमोर आला. तेव्हापासून बाबा जेवताना मध्येच थांबतात. बोलत नाहीत. आई म्हणते, विषय काढू नकोस. ते ड्युटीवर जातात, पण मला भीती वाटते की त्यांच्याच हातून काही होईल. मी कॉलेजला आहे, मला यातलं काही कळत नाही.
— म., भुसावळ

उत्तर : बाळ, तुला बरंच कळतं, म्हणून तर लिहिलंस.

भरलेली मालगाडी ब्रेक लावल्यावर लगेच थांबत नाही, कधीकधी किलोमीटरभर पुढे जाते. बाबांनी त्या मुलाला पाहिलं असेल, हॉर्न दाबून धरला असेल, इमर्जन्सी ब्रेक मारला असेल. त्यानंतर त्यांच्या हातात काहीच उरलं नसेल. ते पुढचे काही क्षण नुसतं बघत बसायचं असतं. ड्रायव्हर लोक मला सांगायचे, की आवाज विसरता येतो, पण त्या माणसाने शेवटी वर पाहिलेलं विसरता येत नाही. आणि त्यानंतर लगेच काम सुरू होतं. किलोमीटर नंबर लिहायचा, गार्डला, म्हणजे आताच्या ट्रेन मॅनेजरला, आणि स्टेशनला कळवायचं, आणि बऱ्याचदा तीच गाडी पुढे न्यायची. रडायला कुणी वेळ देत नाही. काकोडकर समितीने रुळांवर अशा तऱ्हेने वर्षाला सुमारे 15,000 माणसं मरतात असं नोंदवलं होतं, त्यांतली 6,000 एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर. त्या प्रत्येकाच्या समोर इंजिनात कुणीतरी बसलेलं होतं. त्या लोकांची मोजदाद कुणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आईचं अर्धं बरोबर आहे. "काय झालं होतं, कसा दिसत होता" असं विचारू नकोस. पण विषयच नाही असं वागूही नका. एकदा नुसतं म्हण, "बाबा, तुमची चूक नव्हती, मला माहीत आहे." उत्तराची वाट बघू नकोस, शेजारी बसून राहा. असे लोक घरी बोलत नाहीत, पण दुसऱ्या ड्रायव्हरशी बोलतात. बाबांचा जुना जोडीदार कुणी असेल, निवृत्त झालेला असला तर उत्तमच, त्याला आईने चहाला बोलवावं आणि दोघांना एकटं सोडावं.

तुझी दुसरी भीती मी गंभीरपणे घेते. लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर हजेरी लावतात तिथे, ड्युटीवर चढताना श्वास तपासतात, दारूसाठी. मनात काय चाललंय ते त्या यंत्राला कळत नाही. बाबांना झोप लागत नसेल, दचकून उठत असतील, किंवा हल्ली पिण्याचं प्रमाण वाढलं असेल, तर रेल्वे हॉस्पिटलच्या डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. काही दिवस मेनलाईनवरून बाजूला काढून हलकं काम देता येतं. बाबांना वाटेल मायलेज (गाडी चालवण्याचा भत्ता) बुडेल, लोक हसतील. बुडू दे. आधी घरातून फोनवर बोलून बघायचं असेल तर सरकारची "टेलि-मानस" सेवा आहे, नंबर 14416, मराठीतही बोलतात. तो तूसुद्धा लावू शकतेस, स्वतःसाठी.

प्रश्न : मुलगा रेल्वेत ट्रॅकमेंटेनर, म्हणजे रुळांची देखभाल करणारा, म्हणून निवडला गेला. आमची कोरडवाहू शेती. नातेवाईक म्हणतात, पोराला रुळावर मरायला पाठवता का? पाठवावं की नाही?
— एक आई, वाशीम

उत्तर : पाठवा. मूळ पगार 18,000, त्यावर भत्ते, दवाखाना, पास, आणि परीक्षा देत वर जायची वाट. नातेवाईकांनी त्याला दुसरी नोकरी आणून दिली आहे का?

पण निघताना त्याच्याकडून दोन शब्द घ्या. कानात इअरफोन घालून तो कधीही रुळावर पाय ठेवणार नाही. आणि लुकआऊटला, म्हणजे गाडीवर नजर ठेवायला, माणूस उभा केल्याशिवाय, ब्लॉक (त्या लाईनीवर गाड्या बंद) मिळाल्याची खात्री झाल्याशिवाय कामाला वाकणार नाही, मग वरून कितीही घाई होवो. नवीन पोरांना "नाही" म्हणायची भीती वाटते, साहेब काय म्हणेल म्हणून. तुम्ही त्याला सांगा, की तू "नाही" म्हणालास म्हणून नोकरी गेली तर घरी ये, भाकरी आहे. हे आईने सांगितलेलं असलं की पोराला तिथे उभं राहायचं बळ येतं.

प्रश्न : मिस्टर कीमन आहेत. त्यांचे कागद, वारस वगैरे काय आहे ते मला काहीच माहीत नाही. विचारलं तर सासरे म्हणतात, जिवंत माणसाच्या मरणाची चौकशी करतेस का? गप्प बसावं का?
— र., मनमाड

उत्तर : अजिबात गप्प बसू नका. मी इतक्या घरांतून हे पाहिलं आहे की माझा जीव तुटतो. माणूस गेला, आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये वारस म्हणून अजून त्याची आई, जी आधीच वारलेली. लग्न होऊन मुलं झाली, पण बायकोचं नावच चढवलेलं नाही. कुठे "सुनिता", कुठे "सुनंदा", आधारवर तिसरंच. मग ती बाई तेराव्यानंतर कागद घेऊन ऑफिसाच्या पायऱ्या चढते आणि प्रत्येक टेबलावर तिला नवीन दाखला आणायला सांगतात.

ड्युटीवर अपघाती मृत्यू आला तर सातव्या वेतन आयोगानंतर सानुग्रह रक्कम 25 लाख रुपये आहे. कायद्याने मिळणारी कर्मचारी भरपाई आहे (2025 पर्यंत ती 1923 च्या कायद्याखाली होती), ग्रॅच्युइटी, पीएफ, शिल्लक रजेचे पैसे आहेत, पगाराच्या बँक खात्याला बहुधा अपघात विमाही जोडलेला असतो, तो बँकेत जाऊन विचारा. अनुकंपा नोकरी आहे, आणि ती बायकोला स्वतःला मागता येते. दिराला किंवा सासऱ्यांना परस्पर ठरवता येत नाही. मिस्टर 1 जानेवारी 2004 ला किंवा त्यानंतर लागले असतील, तर काही झाल्यास कुटुंबाला पेन्शन जुन्या की नव्या पद्धतीने हवं, तो पर्याय त्यांनी नोकरीत असतानाच लिहून द्यायचा असतो. तो दिलाय का, एवढं आजच विचारा.

सासऱ्यांना असं सांगा, की मुलांच्या शाळेच्या अर्जासाठी नावं सारखी करून घ्यायची आहेत. खोटं नाही ते, तिथेही तीच नावं लागतात. मिस्टरांच्या पुढच्या रजेच्या दिवशी दोघं मिळून ऑफिसात जा, पर्सनल शाखेत वारसनोंद बघायला मागा, कुटुंबाच्या यादीत तुमचं आणि प्रत्येक मुलाचं नाव आधारप्रमाणे आहे का ते अक्षर न् अक्षर तपासा. बदल केला तर त्याची पोच घ्या, झेरॉक्स माहेरी एक ठेवा. कोऱ्या कागदावर सही मात्र कुणाच्याही सांगण्यावरून करायची नाही, अगदी ओळखीच्या बाबूच्या सांगण्यावरूनही नाही.